शेजारची जागा

"जीव दिलेल्यांना आपल्या दफनभूमीत जागा नाही," चर्चच्या मंडळीच्या चिटणिसांनी विषय मिटवला. फाटकाबाहेर शवपेटीवर हात ठेवून शिंपीणबाई बसल्या होत्या. पेटीत त्यांची एकुलती लेक. कबरी खोदणारा म्हातारा कुदळ घेऊन जवळच उभा होता. चर्चमध्ये त्याने 'आमेन'पलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि बायको गेल्यापासून तर आतून पार बधिरच झाला होता. तिच्या कबरीशेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखून नावाची पाटीही रोवली होती. त्याने ती पाटी उपटली आणि तिथेच कुदळ मारली. "उद्यापासून कामावर येऊ नकोस!" चिटणीस कडाडले. "नाही येत. पण साहेब, तीस वर्षं खोदतोय; प्रभूने इथून कुणाला परत पाठवलेलं मी पाहिलं नाही." पेटी आत आणून कबरीत उतरवल्यावर त्याने बायकोच्या कबरीवर तळहात टेकवला. "माझं मी बघतो कुठेतरी, तू तेवढं पोरीला जवळ घे."