कांद्याची जागा

"चेंडू इथं होता," असं म्हणत नॉर्बने कांदा सॉसेजच्या अगदी शेजारी ठेवला.

बफेलोच्या स्टेडियमबाहेर, गाड्या लावायच्या मैदानात त्यांचं घडीचं टेबल मांडलेलं होतं. सॉसेज म्हणजे आपला धावत सुटलेला गडी, मस्टर्डची बाटली म्हणजे त्याला अडवणारा शत्रू आणि कांदा म्हणजे चेंडू. आतला अमेरिकन फुटबॉलचा सामना नॉर्बच्या गाडीच्या रेडिओवर चालू होता. स्टेडियमच्या पायऱ्या चढायला दोघांच्याही गुडघ्यांनी केव्हाच नकार दिला होता. टेबल मात्र सुटलं नव्हतं.

"चेंडू पोचायच्या आधीच त्या नालायकाने आपल्या पोराचा हात ओढला." नॉर्बने बाटली सॉसेजला भिडवली. "फाउल! पंचांचा पिवळा रुमाल पडायलाच हवा होता. जिथं फाउल, तिथं चेंडू. म्हणजे थेट गोलरेषेच्या उंबरठ्यावर. आपला सामना होता, चेस्टर. पंचांनी दिवसाढवळ्या दरोडा घातला."

टेबलावर मांडलेला हा जुना सामना झाला तेव्हा दोघांची लग्नंही व्हायची होती. त्यात खेळलेली पोरं आता आजोबा झाली होती. पण हरलेला सामना विसरायची बफेलोत पद्धत नाही. घरच्या मैदानावर खेळ असला की नॉर्ब कांदा ठेवी आणि चेस्टर एका बोटाने तो वीतभर लांब सरकवी. "चेंडू आवाक्याबाहेर गेला होता रे. जो झेल घेताच येणार नव्हता, त्यात अडथळा कसला? नियम वाच, लेका." मग जी जुंपायची, ती सॉसेज गारढोण होईपर्यंत.

आज चेस्टरचं बोट पुढे आलं नाही. उद्या सकाळी त्याची मुलगी जॅनीन त्याला कायमचं दूर ॲरिझोनाला घेऊन जाणार होती. ती मागे आपल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसली होती. सामन्याची गर्दी बाहेर पडायच्या आत तिला निघायचं होतं.

"बरोबर आहे तुझं," चेस्टर म्हणाला. "फाउल होता."

"काय?"

"झेल आला असता त्याला. रुमाल पडायला हवा होता. जिंकलास तू." त्याने हातमोजा काढून हात पुढे केला.

नॉर्बने हात हातात घेतला खरा, पण लगेच सोडला. या एका वाक्यासाठी त्याने आयुष्यभर घसा फोडला होता. आज ते आयतं पदरात पडलं, तर नकोसं झालं. त्याच्या बापानेही इस्पितळात शेवटच्या आठवड्यात असंच सगळ्यांचं सगळं मान्य करून टाकलं होतं.

"बाबा, चल ना आता," जॅनीनने हाक मारली. "नॉर्बकाका, फोन करत राहा हं."

चेस्टर कसाबसा गाडीत बसला. दार लागलं. नॉर्बने टेबलावरचा कांदा उचलला, बर्फातून फेंगडत गाडीपर्यंत गेला आणि काच ठोठावली.

काच खाली आली.

"नव्हता फाउल," नॉर्ब म्हणाला.

"आता काय झालं तुला?"

"चेंडू फार उंचावरून गेला. शिडी लावली असती तरी पोराच्या हाताला लागला नसता. पंचांचं बरोबर होतं."

"अक्कल गहाण टाकलीस का?" चेस्टरचा आवाज चढला. "हात ओढला होता त्याचा! आपण डोळ्यांनी पाहिलं!"

"ओढला असेल. आवाक्याबाहेरच्या चेंडूला अडथळा कसला? नियम वाच, लेका."

"मला नियम शिकवतोस? मला?" चेस्टरने पट्टा सोडला. "दे तो कांदा इकडे. या गाढवाला दाखवतोच."

"बाबा, सामना संपत आलाय! मग दोन तास इथून हलता यायचं नाही," जॅनीन ओरडली. पण बाप तोवर टेबलाशी पोचलाही होता. दोन लोकरी टोप्या सॉसेजवर वाकल्या.

"हे आज मिटणारं नाही," नॉर्ब म्हणाला.

"उद्या मी नसणार, गाढवा. फोनवर कांदा कसा दाखवशील?"

"तिकडे कांदे मिळत नाहीत का?"

"मिळत असतील."

"मग एक टेबलावर ठेव. रविवारी फोन करतो."

जॅनीनने दोघांकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.