पक्ष्याला मोजता येत नाही

"सूड हाच निसर्गाचा मूळ नियम आहे," कड्याच्या टोकावर उभा राहून थोरला साडू समुद्राला म्हणाला.

"काय म्हणालात?" मागून धाकटा साडू वाऱ्यात ओरडला.

"बुटाची नाडी सुटलीय म्हटलं."

नाडी सुटली होती खरी. पण ती थोरल्याची.

गेल्या वर्षी याच किनाऱ्यावर थोरल्याने बारा दिवस तळ ठोकला होता. जागा त्याची, कॅमेरा त्याचा, सर्दीही त्याचीच. तेराव्या दिवशी तो दोन मिनिटांसाठी खडकाआड गेला आणि नेमका तेव्हाच समुद्री गरुड पाण्यातून मासा घेऊन उडाला. सहज भेटायला आलेल्या धाकट्याने बटण दाबलं. स्पर्धेचे परीक्षक म्हणाले, फोटो बटण दाबणाऱ्याचा. पहिलं बक्षीस धाकट्याला. पुढे त्या फोटोचं कॅलेंडर निघालं आणि थोरल्याच्या बायकोने ते स्वयंपाकघरात लावलं. "बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक नको का?" तेव्हापासून थोरल्याचा रोजचा पहिला चहा त्या गरुडासमोर व्हायचा. बारा महिने चहा गोड लागला नव्हता.

दोघे जपून उतरून खालच्या कपारीत आले. तिथे थोरल्याचं लपण होतं. खडकाच्या रंगाचं कापड, आत जेमतेम दोन माणसं आणि त्यांचे गुडघे मावतील एवढी जागा. समोरच्या सुळक्यावर घरटं. मादी वर घिरट्या घालत दोघांना बघत होती.

"आता एकाने थांबायचं आणि एकाने निघून जायचं," थोरला म्हणाला. "पक्ष्याला मोजता येत नाही. दोघे आत गेले आणि एक बाहेर आला, की त्याला वाटतं, गेली ब्याद. मग तो बिनधास्त घरट्यावर उतरतो."

"मग मी जातो. जागा तुमची आहे."

"छे, तुम्हीच थांबा. तुमचा हात लागला की फोटो होतो."

धाकट्याला गहिवरून आलं. "साडूभाऊ, मन मोठं आहे तुमचं. मला वाटत होतं, मागच्या वर्षीचा राग असेल."

"राग कसला? घरच्या घरात! आणा तो कॅमेरा, तिवईवर लावून देतो."

लावता लावता थोरल्याने कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड दोन बोटांत अलगद काढलं आणि पाकिटात ठेवलं.

"आणि हे बघा, मी न्यायला येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. रिकाम्या लपणातून माणूस निघालेला दिसला, तर मादी घरटं सोडून देईल. पिल्लाचं पाप लागेल."

"नाही हो, हलणारसुद्धा नाही."

जाणाऱ्याने ओझं न घेता हात हलवत जायचं, म्हणजे पक्ष्याची खात्री पटते, असा थोरल्याचाच दंडक होता. त्याप्रमाणे तो हात हलवत गेला. जरा जास्तच हलवत गेला.

वर गाडीत दुर्बीण होती. ती डोळ्यांना लावून तो ऐटीत बसला. यंदाच्या स्पर्धेची मुदत शनिवारी संपत होती आणि धाकट्याकडे पाठवायला काही म्हणता काही नव्हतं. थोरल्याकडे मात्र पाणमांजर होतं. पिल्लाला मानेला धरून पोहायला शिकवणारं. त्यासाठी तो आठ दिवस खाडीच्या चिखलात पोटावर सरपटला होता आणि कालच काम फत्ते झालं होतं. यंदा पहिलं बक्षीस आपलं. कॅलेंडरही आपलं. ते धाकट्याच्या स्वयंपाकघरात कुठे लावायचं, तेही त्याने ठरवून टाकलं.

तासाभराने मादी उतरली. पायात चंदेरी मासा, पंखांमागे कलता सूर्य, पुढे चोच वासून उभं राहिलेलं पिल्लू. तीस वर्षांत थोरल्याने असं दृश्य पाहिलं नव्हतं. ते फुकट चाललंय या आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं निम्मं दुःखाचं असावं, पण त्याने ते तेव्हाच्या तेव्हा पुसलं.

आणखी तासभर त्याने धाकट्याला मुरत ठेवलं. मग तोंडावर सहानुभूती चढवून खाली गेला.

"काय, आली होती का?"

"आली म्हणजे काय!" धाकट्याने त्याला मिठीच मारली. लपण एका बाजूला कललं. "अहो, पण नशीब बघा माझं. कॅमेऱ्यात कार्डच नाही! घरीच राहिलं बहुतेक. माझं हे नेहमीचंच."

"अरेरे," थोरला म्हणाला. गेलं वर्षभर तो हा शब्द घोटत होता.

"काळजाचं पाणी झालं. बाहेर यावं तर पिल्लाचं पाप. मग बघतो तर काय, तुमची बॅग इथेच! तुमच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि माझ्यात घातलं. ते भरलेलं होतं. आता एकेक फोटो कुठे बघत बसणार, सगळं पुसून टाकलं. तुम्ही घरी उतरवून ठेवलेलं असणारच म्हणा. तुमचं काम म्हणजे चोख!"

आठ दिवसांत थोरला घरी गेलाच नव्हता.

"बघा तर खरं," म्हणत धाकट्याने कॅमेऱ्याचा पडदा त्याच्या नाकासमोर धरला. मासा, सूर्य, पिल्लू. एक खवलासुद्धा इकडचा तिकडे नव्हता.

थोरल्याने तोंड उघडलं. पाकिटातलं कार्ड मांडीला टोचत होतं. त्याने तोंड मिटलं.

"शनिवारच्या आत पाठवतोच," धाकटा म्हणाला. "फक्त फोटोला काहीतरी नाव द्यावं लागतं म्हणे. मला मेलं ते सुचत नाही. तेवढं एक छानसं नाव सुचवा ना, साडूभाऊ."