रेकॉर्डची दुसरी बाजू

"आता ऐका हं, इथे क्लिफर्ड एकटा वाजवायला उभा राहतो," म्हणत एनिडने रेकॉर्डचा आवाज वाढवला.

टाऊन हॉलमधल्या त्या जुन्या मैफलीत टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळा बँड एकदम थांबला आणि एकटा सॅक्सोफोन सुरू झाला. क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइड खिडकीपाशी बसला होता, गुडघ्यांवर ब्लँकेट. बाहेरच्या गाड्यांवरची नजर त्याने काही हलवली नाही.

डॉक्टर फेअरहर्स्ट पलंगाच्या कडेला टेकून त्याच्याकडे बघत होत्या. वृद्धाश्रमात नवरा-बायकोला मिळून ही एकच खोली होती. पण कशाचीच ओळख न उरलेल्यांना इथे ठेवत नसत. त्यांना समुद्राकाठच्या दुसऱ्या आश्रमात हलवत, कुलपाच्या दाराआड, एकेकटं. एनिडने भांडभांडून ही शेवटची संधी मिळवली होती: स्वतःची रेकॉर्ड ओळखली, तर क्लिफर्ड इथेच राहणार होता. "एक वेळ मला विसरेल मेला," ती म्हणाली होती, "पण स्वतःचं वाजवणं विसरायचा नाही."

आधाराला तिने विल्फ सग्डनलाही बोलावून घेतलं होतं. जुन्या मंडळींतला तेवढाच एक उरला होता. यॉर्कशरमधल्या निम्म्याअधिक बँडांत विल्फ वाजवून आला होता, पण हक्काची खुर्ची त्याला कुठेच मिळाली नाही. कुणी तापाने फणफणलं, कुणाची सासू वारली, की त्याच्या जागी विल्फ. "जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या उबवल्या मी," असं तोच हसत सांगायचा. आज मात्र दाराशी उभा राहून नुसती टोपी चुरगाळत होता. चहालाही त्याने हात लावला नव्हता.

सॅक्सोफोन वर वर चढत गेला आणि अगदी टोकाला जरासा चिरकला. क्लिफर्डने लिंबू चोखल्यासारखं तोंड केलं.

"रोज इथेच करतात असं," चहाचे कप गोळा करायला आलेली नर्स म्हणाली. "पोटात दुखतं की काय, कोण जाणे."

"मला तर तोच सूर आवडतो," एनिड म्हणाली. "लोकांसमोरचं रेकॉर्डिंग ना, पुन्हा कुठून वाजवणार? राहिला तसाच. माणूस वाजवतोय असं वाटतं."

डॉक्टर पुढे झुकल्या. "क्लिफर्ड, हे कोण वाजवतंय? तुम्ही का?"

"मी?" क्लिफर्डने पहिल्यांदाच मान वळवली. "छे! मी नाही."

रेकॉर्डवर लोक टाळ्या पिटत होते.

"अरे, नाव आहे तुझं कव्हरवर!" एनिडने कव्हर त्याच्या नाकापुढे धरलं. "हे बघ. टेनर सॅक्सोफोन, क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइड. दिसतंय का?"

"मी नाही म्हटलं ना एकदा."

"विल्फ, तू तरी सांग की याला! गप्प काय उभा राहिलायस?"

विल्फने टोपी उलटी केली, सुलटी केली. "फार छान वाजवायचा तो, एनिड."

"वाजवायचा ते माहितेय मला! हे कोण वाजवतंय ते सांग त्याला."

विल्फ काहीतरी पुटपुटला, पण ते टाळ्यांत बुडून गेलं.

डॉक्टर उठल्या आणि त्यांनी एनिडच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटतं मला. जेवणं झाली की गाडी येईल."

डॉक्टर आणि नर्स गेल्यावर एनिडने रेकॉर्ड पुसली आणि कव्हरात सरकवली. क्लिफर्डला डुलकी लागली होती. विल्फही निघायच्या बेतात होता, पण तिने त्याला बसवलं.

"त्या रात्री मी हॉस्पिटलात होते," ती म्हणाली. "मुलगी झाली आणि रडलीच नाही. हा उजाडल्यावर आला. म्हणाला, काय करणार एनिड, रेकॉर्डिंग होतं, अशी रात्र जन्मात एकदाच येते. मी बोलणंच टाकलं होतं याच्याशी. मग ही रेकॉर्ड आली. ऐकली आणि वाटलं, जाऊ दे, माझ्या पोरीची रात्र याने वाया तर नाही ना घालवली. या एवढ्याशा वाजवण्यावर मी अख्खा संसार केला, विल्फ. आणि आज म्हणतो, मी नाही. संपलंच म्हणायचं आता सगळं."

"मी निघतो," विल्फ म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी येईपर्यंत थांब रे. एकटीने नाही व्हायचं मला ते."

गाडी आली. ड्रायव्हर गोलमटोल, बोलघेवडा माणूस होता. त्याने क्लिफर्डची चाकाची खुर्ची दारापर्यंत आणली आणि ती गाडीत चढवायची फळी लावायला वळला. विल्फ क्लिफर्डचं ब्लँकेट नीट करायला वाकला. एनिड खुर्चीच्या मागेच होती, सपाता हातात घेऊन.

क्लिफर्डने विल्फची बाही धरली. आवाज एकदम स्वच्छ, जुना, बँडमधला.

"गाढवा, त्या वरच्या सुराला घाई केलीस तू. बदली पाठवला की नाव आपलं जातं रे बाबा! कव्हरवर मी, आणि चिरकलास तू." मग त्याने डोळा मिचकावला आणि आवाज खाली आणला. "मी कुठे होतो त्या रात्री, ते एनिडला नाही ना बोललास?"

विल्फने मान वर केली. एनिड समोरच उभी होती.

"ओळखलं की हो यांना!" ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला. "डॉक्टरबाई आतच आहेत अजून. हाक मारू का, एनिड?"

एनिडने सपाता क्लिफर्डच्या मांडीवर ठेवल्या. मफलर त्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला.

"छे हो," ती म्हणाली. "असंच बरळतो तो. कुणाला म्हणून ओळखत नाही. न्या त्याला."