टाक्यातलं कालव

कापडाचं कालव शुभेच्छाकार्डावरून सुटलं आणि टेबलावर आलं.

"पडलं!" दासोमची आई किंचाळली, आणि लगेच तिने दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबलं. पोरीची कॉलेजप्रवेशाची परीक्षा परवावर आलेली, आणि नेमका हाच शब्द निघावा, तोही तिच्याच तोंडून!

इथल्या बोलीत परीक्षा पास होणं म्हणजे चिकटणं आणि नापास होणं म्हणजे पडणं. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की आया पोरांना चिकट गोळ्या चारतात आणि घरात वाटी पडली तर 'जमिनीला चिकटली' म्हणतात. समुद्रशेवाळाचं सूप तर हद्दपारच. बुळबुळीत पदार्थ, पोर घसरायचं. थोंगयंग या किनाऱ्यावरच्या गावातल्या बाजारात वोल्सनचं रजईकामाचं दुकान आणि ओक्बुनचं शेवाळाचं दुकान एकमेकांना खेटून आहेत. या आठवड्यात वोल्सनला मान वर करायला सवड नसते आणि ओक्बुन माश्या मारत बसते.

"पडलं कुठे हो?" ओक्बुन पलीकडून म्हणाली. "टेबलाला चिकटलं."

"तुम्ही तर बोलूच नका!" दासोमची आई तिच्याकडे न बघताच कडाडली. शेवाळ नजरेला पडू नये म्हणून ती मघाशी मासळीबाजाराला वळसा घालून आली होती. "मावशी, अहो, हिची तिसरी खेप आहे. माझ्या जिवाला घोर लागलाय, आणि तुमच्या कार्डाने हे करावं?"

वोल्सनने कार्डावरच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. चाळीस वर्षं ती हेच काम करत आली होती. खाली अस्तर, मध्ये कापूस, वर निळं कापड आणि त्यावर तांदळाएवढ्या टाक्यांच्या ओळी. तिच्या हातची पिशवी धुऊन धुऊन विरायची, पण उसवायची नाही. खडकाला घट्ट धरून बसलेल्या करड्या कालवाचं, परीक्षेच्या पोरांसाठीचं हे रजईकामाचं कार्डही तिच्याच डोक्यातून निघालेलं. यंदा मागणी फार झाली, बोटं दुखायला लागली, तेव्हा ओक्बुन म्हणाली होती, "ताई, चिकटायचंच आहे ना? मग डिंकासारखं शुभ काय आहे?" दोघी पोट धरून हसल्या होत्या. आज सकाळी वोल्सनने बारा कार्डांवर डिंकाने कालवं लावली. त्यातलं हे पहिलंच.

दासोम आईच्या मागून पुढे आली. तिने कालव उचललं, उलटं करून पाहिलं.

"डिंक लावलाय ना, आजी?"

खाऱ्या हवेचं कारण वोल्सनच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "हो गं. आळस केला मी."

"मीही गेल्या वर्षी तेच केलं. सगळं वरवर चिकटवलं. परीक्षेला बसले आणि भराभरा पडलं."

"दासोम! तो शब्द नको म्हटलं ना!"

"आई, मी दोनदा पडलेय. शब्दाला आता काय घाबरू?" तिने स्टूल ओढलं. "तुम्ही शिवून द्या, आजी. मी थांबते."

वोल्सनने चष्मा सारखा केला, सुईत दुहेरी दोरा ओवला. आधी नखाने वाळका डिंक खरवडून काढला. मग कालवाच्या कडेने एकेक टाका घालत गेली, प्रत्येक टाका अस्तरापर्यंत नेत. शेवटची गाठ तिने कापसात लपवली. तेवढा वेळ दासोमची आईसुद्धा नुसती सुईकडे बघत राहिली.

कार्ड हातात येताच तिने कालवाची कड चिमटीत धरून ओढली. मग आणखी जोर लावला. शेवटी कालवाला धरून अख्खं कार्ड हवेत हलवलं. कालव जागचं हललं नाही. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं असावं, कारण दासोम तिच्याकडे बघतच राहिली.

"परवा पेपर सुटला की माझ्याकडे सूप प्यायला ये गं," ओक्बुनने हाक मारली. "निकाल लागायचा तसा लागू दे."

"येते!" दासोम म्हणाली. आईने तिचा हात धरला आणि मासळीबाजाराच्या बाजूने ओढतच नेली.

खोक्यात डिंकाची अकरा कार्डं उरली होती. ती काही आता वोल्सनच्याने विकवली नसती. पण कोपऱ्यावरून आणखी दोन आया येताना दिसत होत्या. त्यांच्यासमोर कालवं उपटत बसायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. वोल्सनने क्षणभर विचार केला, खोका उचलला, आणि ओक्बुनच्या शेवाळाच्या ढिगामागे जाऊन बसली. या आठवड्यात तिथे कुठली आई डोकावणार नव्हती.

ओक्बुनने तिच्यासाठी पाट सरकवला.

"पाडा ताई, खुशाल पाडा," ती म्हणाली. "इथे पडायला बंदी नाही."