आवाजी मतदान

"निनोंग, तुम्ही स्वतःहून उतरा. भर सभागृहात हाताला धरून उतरवायची वेळ आणू नका."

पाकितो आरिसाबाल सभापतींच्या दालनात उभ्या उभ्याच बोलत होता. सभापती तेयोंग सुमागायसायनेही त्याला बस म्हटलं नाही. पाकितोच्या बाप्तिस्म्याला याच तेयोंगने त्याला हातांवर घेतलं होतं. तेव्हापासून तो त्याचा निनोंग, धर्मपिता.

"बापाने पाठवलंय?"

"बाबा म्हणाले, म्हाताऱ्याला उगाच दुखवू नकोस." पाकितो हसला. "बहुमत माझ्याकडे आहे. जेवणं उरकली की आम्ही सभागृहात येतो."

"माझं चुकलं काय, तेवढं सांग."

"चुकायला कशाला हवं? बैल थकला की बदलतात. ऊसतोड्याच्या पोराला आमच्या घराने इथवर आणलं, त्यात समाधान माना."

तो गेला. पलीकडच्या दालनात भाजलेल्या डुकराचा बेत होता. पाकितो आत शिरताच तिथे हशा पिकला. कोणाला कुठली समिती द्यायची याची वाटणी चालली होती. काल रात्रीपर्यंत तेयोंगला वाकून नमस्कार करणारे सगळे आवाज त्याला भिंतीतून ओळखू येत होते.

पाकितो खोटं बोलला नव्हता. तेयोंग नेग्रोस बेटावर, आरिसाबालांच्या मळ्यातल्या मजूरवस्तीत जन्मला. बाप लवकर गेला. थोरली बहीण मेनिंग हिने ऊस तोडून त्याला शाळेत घातलं. हुशार पोरगा म्हणून पुढे मालकाने मनिलाला वकिलीला पाठवलं. परत आला तो मालकाचा होऊनच. आधी त्यांचा वकील, मग त्यांचा खासदार, मग त्यांचा सभापती. बदल्यात त्यांनी एकच काम सांगितलं होतं. मळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मजुरांच्या घराखालची जमीन मजुरांच्या नावावर करणारं एक विधेयक होतं. ते पुन्हा पुन्हा यायचं आणि तेयोंग ते पुन्हा पुन्हा मारायचा. कधी समितीत कुजवायचा, कधी गणसंख्या नाही म्हणायचा, कधी वेळच संपवायचा. या खेपेला ते वरच्या सभागृहातून सुटलं होतं. दोन्हीकडच्या संयुक्त समितीचा अहवाल तयार होता. इथली शेवटची मंजुरी तेवढी उरली होती, आणि तेयोंग तो अहवाल कामकाजात घेतच नव्हता.

त्या दुपारी त्याला न्याय आठवला नाही, वस्ती आठवली नाही. आरिसाबालांना सगळ्यात जास्त कुठे दुखेल, तेवढंच आठवलं.

तो बाजूच्या दाराने सभागृहात गेला आणि खुर्चीवर बसला. बाकं जवळजवळ रिकामी होती. विरोधकांपैकी काही जण आणि पेंगणारे दोघेतिघे, एवढेच. वर प्रेक्षकांचा सज्जा मात्र भरलेला होता. नेग्रोसचे ऊसतोड मजूर बोटीने आले होते आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून रोज येऊन बसत होते. पहिल्या रांगेत मेनिंग होती.

"आला बघा धन्याचा कुत्रा," वरून कोणीतरी म्हणालं. रखवालदार तिकडे धावले. तेयोंगने हात वर करून त्यांना थांबवलं.

"संयुक्त समितीचा अहवाल मंजुरीसाठी घेत आहे."

सचिव जवळ आले. "साहेब, हा आजच्या कामकाजात नाही."

"आता आहे."

विरोधी बाकांवरच्या लिगाया पोन्सारान बाई क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग घाईने उठून त्यांनी प्रस्ताव मांडला.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

मोजकेच आवाज उठले.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

एकही "नाही" आला नाही, गणसंख्येचंही कोणी विचारलं नाही. हातोडा पडला आणि दार धाडकन उघडलं. गळ्याला रुमाल खोवलेला पाकितो धावत आत आला, त्याच्यामागे बाकीचे.

"थांबा, मी मतविभागणी मागतोय."

"हातोडा पडला, बाळा," तेयोंग म्हणाला. "अहवाल मंजूर झाला."

त्यानंतर त्याला खुर्चीवरून काढायला फार वेळ लागला नाही. पाकितोने आईवरून शिवी दिली. ज्यांना तेयोंगने तिकिटं दिली होती, त्यांनी त्याच्या अंगावर कागदाचे बोळे फेकले. गाडी काढून घेतली, अंगरक्षक काढून घेतले. तो एकटाच फाटकाकडे चालत निघाला. छाती इतकी हलकी कधी वाटली नव्हती. फाटकाशी पोहोचेपर्यंत, आपण हे वस्तीसाठीच केलं, असं त्याला खरोखर वाटायला लागलं होतं.

बाहेर मजुरांनी त्याला गराडा घातला. मघाशी कुत्रा म्हणणारेच आता त्याचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावत होते. वार्ताहरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी ऊसतोड्याचाच पोरगा. या दिवसाची वाट बघत थांबलो होतो." म्हातारी माणसं रडायला लागली.

गर्दी बाजूला सारत मेनिंग आली. तिच्या पाया पडावं तसा तो वाकला, तिचा हात कपाळाला लावायला त्याने हात पुढे केला. तिने आपला हात पाठीमागे घेतला.

"मालकाने वस्तीतलं आपलं घर पाडलं, तेव्हा मी तुझ्या दारात आले होते," ती म्हणाली. "भर पावसात. माझा नवरा सिदोनियो रस्त्याकडेला ताडपत्रीखाली तापाने फणफणत पडला होता. तू म्हणालास, ताई, हे एका माणसाच्या हातात नसतं. मला ते पटलं. तो गेला तरी मी वस्तीत सगळ्यांना तेच सांगत राहिले, माझ्या भावाच्या हातात काही नाही."

तेयोंगने पुढे केलेला हात मागे घेतला.

मेनिंग त्याच्या पाठीमागच्या त्या मोठ्या इमारतीकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं,

"इतकं सोपं होतं, तेयोंग?"