एक ओळ वर

सात चाळीसला दूध उतू गेलं, सात पन्नासला मुलीचा डावा बूट पलंगाखाली सापडला आणि आठ वाजून पाच मिनिटांनी तिघी चौकात उभ्या होत्या. इथून सून बसकडे वळायची आणि आजी नातीला शाळेत न्यायची.

"अगं, सोड की तिला. पळवून नाही नेत मी," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही धरलंत ना, आई? मग सोडते."

"रोजचं मेलं हेच!" सासूबाईंनी नातीचं मनगट उंच करून दाखवलं. "हे बघ, धरलं. सही देऊ?"

सुनेने मुलीचा हात सोडला.

कृत्रिम श्वास देणाऱ्या यंत्राच्या संगणकाचा गाभा, म्हणजे बाकी सगळं ज्यावर चालतं तो मूळ प्रोग्रॅम, तिचा ऑफिसातला गट लिहीत असे. त्या गाभ्यात एकच नोंद अनेक कामं एकाच वेळी वापरतात. जे काम नोंद धरतं ते मोजणीत एक मिळवतं, सोडताना एक वजा करतं. शून्य झालं की नोंद पुसली जाते. एका कामाच्या हाती नोंदीचं कुलूप असेपर्यंत दुसरं तिला हात लावू शकत नाही. म्हणून मोजणी वाढवायची ती कुलूप हातात असतानाच. हा नियम तिला अकरा वर्षांपूर्वी गटप्रमुख सरांनी शिकवला होता. या वेळच्या कोडमध्ये सरांनीच आधी कुलूप सोडलं होतं आणि मोजणी पुढच्या ओळीत वाढवली होती. तेवढ्या फटीत नोंद पुसली गेली, तर यंत्र जागच्या जागी थिजणार होतं. तीन आठवड्यांपूर्वी तो कोड तपासताना तिला ते दिसलं होतं. सरांनी विचार केलाच असेल, असं म्हणून तिने मंजुरी दिली होती.

आज बाराला तो कोड यंत्रांवर चढणार होता. ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, कुलूप एक ओळ आधी सुटतंय."

"वेग येतो त्याने. चुकलं तर लाखात एकदा चुकेल."

"यंत्र तिथून दिवसाला लाख वेळा जातं, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शुक्रवारी मी निवृत्त होतोय. जाता जाता माझ्या कामावर बोट ठेवणार? आणि खाली मंजुरी कुणाची आहे गं?"

"माझीच."

"मग झालं तर."

तिची जागा भिंत आणि खांब यांच्यामध्ये होती. शेजाऱ्याने खुर्ची सरकवल्याशिवाय उठताही येत नसे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सरांकडे दाखवलेलं बोट वळून तिच्याकडेच येत होतं. अकरा वाजले. साडेअकरा झाले.

अकरा छत्तीसला तिने स्वतःची मंजुरी मागे घेतली; तिच्याशिवाय कोड बाराला चढणार नव्हता. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "ही चूक मला तीन आठवड्यांपूर्वी दिसली होती." मोजणीची ओळ उचलून एक ओळ वर ठेवली आणि ते सगळ्या गटाला पाठवलं.

केबिनच्या काचेपलीकडे सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ते पडद्यावर वाचू लागले.