लॉगरची राखण

पेटीचं सील शाबूत होतं. चारुताने ते आधी डोळ्यांनी पाहिलं, मग बोटाने चाचपलं आणि मगच मोबाइलवर फोटो काढला.

"काका, मानलं तुम्हाला!"

विठू जेट्टीच्या कठड्यावर जाळं शिवत बसला होता. त्याने मानही वर केली नाही. "मानायचं काय त्यात? तुमी सांगितलं राखा, आमी राखलं."

चारुता खारघरच्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवायची. दिवाळी झाल्यावर तिने पनवेलच्या खाडीकाठी असे चार लॉगर बसवले होते. खांबावर पेटी, पेटीत लॉगर आणि तिथून निघालेल्या लांबलचक वायरीच्या टोकाला पाण्यात सोडलेला सेन्सर. सेन्सरने पाणी चाखायचं, लॉगरने चव नोंदवून ठेवायची, एवढाच त्यांचा संसार.

त्यातल्या तिघांची पार वाट लागली. करंजाड्याच्या बाजूचा कोणीतरी सोलर पॅनेलसकट लांबवला. दुसऱ्याच्या सेन्सरवर कालवं चढली आणि तो मुका झाला. तिसऱ्याच्या पेटीत मुंग्यांनी बिऱ्हाड थाटलं. उरला तो विठूच्या कोळीवाड्यातला हा एकटा.

आणि उद्या सुनावणी होती. वरच्या अंगाचा रसायनांचा कारखाना खाडीत काय सोडतो, हे दाखवायला कोळीवाड्याकडे या पेटीशिवाय दुसरं काही नव्हतं. पुरावा नसेल तर तक्रार निकालात, असं मागच्याच तारखेला बजावलं गेलं होतं. पेटी दोन्ही बाजूंच्या समोर उघडायची ठरली होती, त्यामुळे आत काय नोंदलंय हे चारुतालाही ठाऊक नव्हतं. पण तिला त्याची काळजी नव्हती. खाडीचा रंग आणि वास असा होता की निकाल शेंबड्या पोरानेही सांगितला असता. फक्त तो यंत्राने सांगायला हवा होता.

विठूची बायको गुणाबाई चहा घेऊन आली. कपबशी पुढे करताना तिच्या सोललेल्या बोटांकडे चारुताचं लक्ष गेलं. जाळ्यातली मासळी निवडून निवडून हातांची ही दशा झाली होती, आणि मासळी तरी कसली.

"जिताडा सोड, निवटी पन मिळत नाय आता," गुणाबाई म्हणाली. "बाय, ह्यो डबा खरं बोलंल ना गो उद्या?"

"मावशी, माणसं खोटं बोलतात. याला ते जमतच नाही."

गुणाबाईचा चेहरा उजळला. चारुतालाही बरं वाटलं. किती दिवसांनी ती कोणाला इतक्या ठामपणे काही सांगत होती.

"कोणी हात लावायला आलं होतं का, काका?"

"आलते ना! दोघं जन, बाईकवर. म्हने नुसतं बघतो. म्या सांगितलं, बघायचं तं लांबून बघा, जवल आलात तं खाडीत बुडवीन." विठूने दातांनी दोरा तोडला. "त्या दिसापासून आमच्या दोघांतलं एक कोनतरी हितंच असतं. लग्नाकार्याला पन एकेकटं जातो."

चारुताला गलबलून आलं. बसवल्यानंतर तिला स्वतःला इकडे फिरकायला जमलं नव्हतं. परीक्षा, पेपर, बाकीच्या तीन लॉगरांची दुखणी. दर रविवारी ती फोन करायची आणि त्याच त्या सूचना द्यायची. पॅनेल पुसा. सेन्सरवर गाळ बसू देऊ नका, कालवं चिकटली की तो गेलाच. टोक कोरडं पडता कामा नये. विठूचंही उत्तर ठरलेलं असायचं, "एकदम मस्त हाय, ताई."

आणि खरंच मस्त होतं. पॅनेल चकचकीत. शेडमागे वळेपर्यंत वायरीला कुठे चीर नाही. पेटीवरचा हिरवा दिवा ठरल्या वेळी लुकलुकत होता. उद्या समोरच्या वकिलांनी यंत्राच्या निगराणीबद्दल कितीही फाटे फोडू देत, तिच्याकडे उत्तर होतं.

"सेन्सरचा तेवढा एक फोटो घेते, काका, म्हणजे झालं."

"आनतो ना. तुमी चहा प्या."

विठू जाळ्यांच्या शेडमागे गेला आणि सेन्सर ओंजळीत धरून आला. टोकावरून पाणी निथळत होतं. चारुताने तो उलटसुलट करून पाहिला. खाडीत महिनोन्महिने राहून त्यावर ना शेवाळ, ना कालवाची एक कपची. खोक्यातून काढला तेव्हा होता तसाच कोरा करकरीत. तिने चार बाजूंनी फोटो काढले.

"काका, आमच्या लॅबमध्येसुद्धा इतके स्वच्छ राहत नाहीत हे. करता तरी काय तुम्ही?"

विठू पहिल्यांदाच मनापासून हसला.

"तुमी गेलात त्याच ओहोटीला ह्यो चिखलात उघडा पडला, ताई. तवाच काढला नि शेडमागच्या निळ्या पिंपात ठेवला. गुना रोज नळाचं ताजं पानी भरते त्यात. खाडीच्या घानीत एक दिस बुडू दिला नाय."